नाण्याचा नाद आणि बाजाराची लकेर

परभाषेतला शब्द मराठीत आला की त्यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक पक्ष त्याला हाकलून त्याच्या जागी संस्कृत धातूपासून घडवलेला जडशीळ प्रतिशब्द बसवू पाहतो. दुसरा पक्ष ‘लोक बोलतात तेच बरोबर’ एवढे म्हणून मोकळा होतो. ‘जिंगल’ या इंग्रजी शब्दाच्या वाट्याला मात्र विरोधही आला नाही आणि समर्थनही आले नाही. तो रेडिओबरोबर घरात आला, दूरदर्शनबरोबर दिवाणखान्यात बसला आणि आता भ्रमणध्वनीबरोबर खिशात जाऊन राहिला आहे. जाहिरातीचे छोटेसे, ऐकताक्षणी ओठांवर बसणारे गाणे म्हणजे जिंगल, हे अलिबागच्या बाजारपेठेतील दुकानदाराला जसे ठाऊक आहे तसेच त्याच्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

या शब्दाला सोवळ्यात घेण्याचा किंवा ओवळे ठरवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ज्या किनाऱ्यावर पोर्तुगीज दोन शतकांहून अधिक काळ नांदले आणि जाताना ‘पगार’, ‘पाव’, ‘चावी’, ‘घमेले’ असे शब्द मागे ठेवून गेले, त्या किनाऱ्यावरील माणसाने एका इंग्रजी शब्दाने बावरून जावे असे काही नाही. परंतु शब्द कधी एकटा येत नाही. तो आपल्याबरोबर एक व्यवहार घेऊन येतो. ‘पगारा’बरोबर ठरावीक मुदतीने रोख वेतन घेण्याचा व्यवहार आला. ‘जिंगल’बरोबर जो व्यवहार आला त्यात आपल्या कानाची जागा बदलली आहे, आणि त्या बदलाची नोंद आपण घेतलेली नाही. हा प्रश्न केवळ भाषेचा नसून बाजारपेठेचा आणि सार्वजनिक जीवनाचाही आहे.

एका शब्दाचा प्रवास

इंग्रजीत ‘जिंगल’ हा मुळात नादाचे अनुकरण करणारा शब्द. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एका ऐषारामी मठवासीयाचे शब्दचित्र रेखाटले आहे. त्याच्या घोड्याच्या लगामाचे घुंगूर वाऱ्यात वाजतात ते सांगताना चॉसरने याच शब्दाचे जुने रूप वापरले, आणि तो आवाज प्रार्थनामंदिराच्या घंटेइतका मोठा असल्याचे सांगून हळूच चिमटाही काढला. पुढे खिशातील नाणी, किल्ल्यांचा जुडगा, घोड्याचा साज यांच्या आवाजाला हाच शब्द लागू झाला. सतराव्या शतकात तो वस्तूंकडून कवितेकडे वळला. मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’ला १६६८ साली जोडलेल्या टिपणात यमकांच्या खुळखुळाटासाठी हाच शब्द तुच्छतेने वापरला आहे. १८५७ साली अमेरिकेत जेम्स पियरपाँट याने बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीच्या घुंगरांवर एक गाणे प्रसिद्ध केले. आज जगभर नाताळात वाजणारे ‘जिंगल बेल्स’ ते हेच. तेथे घुंगराचा नाद आणि चटकदार चाल एकत्र आली. राहिलेले एक पाऊल १९२६ सालच्या नाताळच्या पूर्वसंध्येला पडले. मिनिआपोलिस शहरातील रेडिओवर चौघा गायकांनी एका न्याहारीच्या पदार्थाची स्तुती गाऊन दाखवली. गाण्यातून केलेली रेडिओवरील पहिली जाहिरात म्हणून तिचा उल्लेख केला जातो. घुंगराचा आवाज अशा रीतीने विक्रेत्याचा आवाज झाला.

इंग्रजीतील या शब्दकुळातील इतर मंडळीही पाहण्यासारखी आहेत. ‘टिंकल’ हा लहानशा घंटेचा आवाज. ‘चाइम’ हा झांज या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. लहानशा साध्या गाण्याला ‘डिटी’ म्हणतात; त्याचे मूळ ‘तोंडाने सांगून लिहविणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. हुकूम सोडण्यासाठी इंग्रजीत जो ‘डिक्टेट’ हा शब्द आहे, तोही त्याच मुळाचा. चिमुकले गाणे आणि हुकूम एकाच मुळातून निघावेत, ही गोष्ट जाहिरातीच्या युगात अर्थपूर्ण वाटते.

मराठीचे नादभांडार

आता आपल्या घराकडे वळू. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ सालीच निघाली. म्हणजे पियरपाँटचे गाणे आणि हा कोश समवयस्क आहेत. त्या कोशाची पाने उलटताना जागोजाग अनुकरणवाचक शब्द भेटतात. बिचाऱ्या कोशकाराला त्यांचे अर्थ देण्यासाठी इंग्रजीतील मोजकेच शब्द पुन्हापुन्हा कामाला लावावे लागले आहेत. त्याचे कारण उघड आहे. जेथे इंग्रजीला ‘जिंगल’ किंवा ‘टिंकल’ एवढ्यावर भागवावे लागते, तेथे मराठीत कोणती वस्तू वाजली त्यावर शब्द ठरतो. बांगड्या किणकिणतात, पैंजण छुमछुमतात किंवा रुणझुणतात, नाणी खणखणतात. तीच नाणी खिशात असली तर खुळखुळतात. शाळेची घंटा टणटण वाजते, देवळातली मोठी घंटा घणघणते, रिकामे भांडे ठणठणते. ज्याला या शब्दांचा सराव आहे त्याला डोळे मिटूनही सांगता येते की काय वाजले, ते कशाचे होते, भरलेले होते की रिकामे होते.

एवढ्यावर मराठी थांबली नाही. तिने नादावरून गुणाची परीक्षा केली. स्पष्ट आणि निर्भीड बोलणे ‘खणखणीत’, निरोगी माणूस ‘ठणठणीत’, जोरकस भाषण ‘घणाघाती’ नसले तर निदान ‘घणघणाती’. कोणाला बजावून सांगायचे तर ‘ठणकावून’ सांगायचे. घरात काही नसले तर ‘ठणठणाट’, आणि खिशात काही नसलेला माणूस ‘ठणठणपाळ’. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तरलता, क्रयशक्ती आणि दारिद्र्य यांच्या ज्या व्याख्या दिलेल्या असतात, त्यांचा सारांश आपल्या आजीने ‘खुळखुळ’ आणि ‘ठणठणाट’ या दोन शब्दांत सांगितला असता.

महत्त्वाची गोष्ट अशी की, मराठीने वस्तूच्या नादाचा शब्द गाण्याच्या चालीला सहसा लावला नाही. चालीसाठी तिच्याजवळ वेगळे शब्द होते. गळ्यातून सहज निघालेला सुरांचा छोटा तुकडा म्हणजे ‘लकेर’. वाद्यावरची ती ‘धून’. पुन्हापुन्हा येणारी ओळ ‘ध्रुवपद’ किंवा ‘पालुपद’. आणि तेच ते पुन्हा ऐकवून जो आपल्याला विटवतो, त्याच्या बोलण्याला ‘तुणतुणे’ म्हणण्याची मुभा भाषेने दिली आहे. गोंधळ्याचे ते एकतारी वाद्य. त्याचे नावच त्याच्या आवाजावरून पडले, आणि ‘आपलेच तुणतुणे वाजवणे’ हा वाक्प्रचार त्याच्या एकसुरीपणावरून. जाहिरातीच्या गाण्याचे याहून नेमके वर्णन कोणत्या समितीला करता येईल? थोडक्यात, इंग्रजीने घंटेचा नाद आणि बाजाराची लकेर एकाच शब्दात बसवली. मराठीने ती दोन घरे निरनिराळी ठेवली. हा भेद आपण विसरत चाललो आहोत.

खणखणीत म्हणजे काय?

हा भेद केवळ कोशातला नाही, हे नाण्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. कान्होजी आंग्रे यांनी स्वतःचे चांदीचे नाणे पाडले होते. ‘अलिबागी रुपया’ या नावाने ते ओळखले जाई. त्या काळी एकेका बाजारात अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. त्यांचे वजन आणि कस निराळे असे, आणि सराफ बट्टा कापून त्यांचा हिशेब करीत. अशा बाजारात सामान्य माणसाजवळ रसायनशाळा नव्हती, कसोटीचा दगड नव्हता, कान होता. दगडावर किंवा फरशीवर नाणे टाकले की शुद्ध चांदी खणकन वाजे आणि हिणकस धातू बद्द आवाज करी. ‘वाजवून घेणे’ हा वाक्प्रचार त्या व्यवहारातून आला. ब्रिटिश अमदानीतील रुपयात बाराव्या हिश्शाची भेसळ सोडली तर उरलेली सर्व चांदी असे. १९४० साली युद्धाच्या ओढीत ती निम्म्यावर आणली गेली आणि १९४६–४७ मध्ये रुपयातून चांदी नाहीशी होऊन निकेल आले. ‘पूर्वीचा रुपया कसा खणखणीत वाजायचा!’ असे वृद्ध माणसे म्हणत, तेव्हा तो निव्वळ गतकाळाचा उमाळा नव्हता. चलनाच्या अवमूल्यनाचे ते कानाने केलेले निरीक्षण होते.

त्या खणखणाटाचे वैशिष्ट्य काय होते? तो आवाज वस्तूचा स्वतःचा होता. विकणाऱ्याला तो बदलता येत नव्हता. घेणाऱ्याने तो स्वतः काढून पाहिलेला असे. आवाज हा पुरावा होता आणि कान हा परीक्षक होता. जिंगलमध्ये या तिन्ही गोष्टी उलट्या होतात. साबणाच्या वडीला काही आवाज नसतो; तिच्यासाठी गाणारा गळा भाड्याने आणावा लागतो. तो आवाज विक्रेता ठरवतो. आणि आपला कान परीक्षक न राहता साठवणुकीची कोठी होतो. गाणे कितीही गोड असले तरी वडीतील तेलाचे प्रमाण त्यावरून कळत नाही.

सांगणारा नाद आणि पढवणारा नाद

उरणपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या या पट्टीत माणसाचा दिवस एकेकाळी आवाजांनी मोजला जाई. पहाटे वासुदेवाच्या चिपळ्या, गुरे चरायला सोडताना गळ्यातल्या घाटा, अरुंद पाखाडीवरून येणाऱ्या बैलगाडीची घुंगुरमाळ, दुपारी कुल्फीवाल्याच्या गाडीची घंटा, तिन्हीसांजेला देवळातला घंटानाद. एस.टी.च्या गाडीत वाहकाने दोरी एकदा ओढली की गाडी थांबे, दोनदा ओढली की सुटे. गावात काही महत्त्वाचे असले की दवंडी पिटली जाई. या सर्व आवाजांत एक गोष्ट समान होती. ते काहीतरी कळवत होते. गाय कोठे आहे, गाडी समोरून येते आहे, उद्या ग्रामसभा आहे. आवाजाचे काम संपले की तो थांबे.

अर्थशास्त्रात हा विचार नवा नाही. आल्फ्रेड मार्शल याने १९१९ साली ‘इंडस्ट्री अँड ट्रेड’ या ग्रंथात जाहिरातींचे दोन प्रकार मानले. लोकांना खरेदीविक्रीच्या संधींची माहिती करून देणारी ती विधायक जाहिरात. निव्वळ पुनरुक्तीने प्रतिस्पर्ध्याला मागे सारू पाहणारी ती झुंजीची जाहिरात. पहिलीमुळे समाजाची संपत्ती वाढते. दुसरीचा खर्च मात्र एकमेकांना खोडून काढण्यात जातो आणि अखेर तो वस्तूच्या किमतीत मिसळून ग्राहकाकडूनच वसूल होतो. आपल्या भाषेत सांगायचे तर, पहिला नाद सांगणारा आणि दुसरा पढवणारा.

आपल्याकडे हा दुसरा नाद केव्हा सुरू झाला त्याची तारीख देता येते. १ नोव्हेंबर १९६७ रोजी आकाशवाणीच्या विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर येथून व्यापारी प्रसारण सुरू झाले. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवरही जाहिराती दिसू लागल्या. समोरच्या तीरावरच्या मुंबईचे रेडिओ केंद्र आपल्या किनाऱ्यावर स्वच्छ ऐकू येई. त्यामुळे अलिबाग–मुरूडच्या घरांतही जिंगल मुंबईइतक्याच लवकर पोहोचली.

या गाण्यांनी सारे वाईटच केले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९५९ साली गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या ‘लिज्जत’चे नाव घराघरांत जाण्यात जाहिरातीच्या गाण्याचाही वाटा होता. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत वस्तूचे नाव पोहोचवणारे ते स्वस्त साधन होते. शिवाय हे साधन बाजाराच्याच मालकीचे राहिले पाहिजे असेही नाही. ज्यांनी असंख्य जिंगलांना चाली दिल्या त्या अशोक पत्की यांच्याच चालीवर साक्षरता मोहिमेचे ‘पूरब से सूर्य उगा’ घरोघर गेले आणि १९८८ साली ‘मिले सूर मेरा तुम्हारा’ने देशाच्या अनेक भाषा एका सुरात बांधल्या. लकेर निरुपद्रवी किंवा उपद्रवी नसते. ती कोण गातो, कशासाठी गातो आणि ऐकणाऱ्याला नको म्हणण्याची सोय आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

कानाचे गुरचरण

खरी अडचण या शेवटच्या मुद्द्यात आहे. रेडिओ बंद करता येतो. रस्ता बंद करता येत नाही. आज किनाऱ्यावरील कोणत्याही गावात सकाळी उभे राहिले की ध्वनिमुद्रित आवाजांची रांग लागते. भंगार घेणाऱ्याचा टेंपो, कांदे-बटाटे विकणारी गाडी, शिकवणीवर्गाची रिक्षा, निवडणूक असली तर उमेदवाराचे गाणे, सुट्टीचा दिवस असला तर पर्यटकांच्या मोटारींतले संगीत. प्रत्येकाला आपला आवाज इतरांच्या वर चढवावा लागतो, आणि प्रत्येकाने तो चढवल्यामुळे कोणाचाच ऐकू येत नाही. गावाच्या गुरचरणात प्रत्येकाने एकेक गुरू वाढवले तर प्रत्येकाचा हिशेब बरोबर असतो आणि गवत मात्र संपते. समाजाचे लक्ष हेही असेच एक गुरचरण आहे. त्यावर कोणाची मालकी नाही, म्हणून त्याची राखणही कोणी करीत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु ती आवाजाच्या पट्टीला आहे. आवाजाच्या अर्थाची जी झीज होते तिला कोणत्याही नियमात जागा नाही.

या झिजेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे घंटागाडी. कचरा नेणाऱ्या गाडीला मराठी माणसाने दिलेले हे नाव कोणत्याही परिभाषा कोशाने दिले नसते इतके नेमके आहे. घंटा वाजली की कचरा घेऊन बाहेर यायचे. दुसरे काही सांगावे लागत नसे. आता नाव तेच राहिले आणि अनेक गावांत घंटेच्या जागी ध्वनिक्षेपक आला. त्यावर बहुधा हिंदी गाणे किंवा हिंदीवरून जसेच्या तसे उतरवलेले मराठी गाणे लागलेले असते. घंटेचे दोन टोल जे काम करीत तेच काम करायला आता तीन कडवी लागतात, आणि दूरवरून ऐकणाऱ्याला ती कचऱ्याची गाडी आहे की साड्यांच्या सेलची, हे शब्द लागेपर्यंत कळत नाही. सांगणारा नाद पढवणाऱ्या नादासारखा सजला की तो सांगेनासा होतो. करोनाच्या साथीत २०२० साली प्रत्येक दूरध्वनीच्या आरंभी खोकल्याचा आवाज आणि सूचना ऐकू येऊ लागली. पहिले काही दिवस लोकांनी ती कान देऊन ऐकली. पुढे ती संपण्याची वाट पाहू लागले. सूचना तीच होती. पुनरुक्तीने तिचे तुणतुणे केले.

कचऱ्याच्या गाडीपुरता प्रश्न असता तर इतका विस्तार करण्याचे कारण नव्हते. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पिढ्यांच्या मेहनतीचे उत्पन्न एका दुपारी गेले. वादळापूर्वी किनाऱ्यालगतच्या हजारो लोकांना हलवण्यात आले, हे प्रशासनाचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु वादळानंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि भ्रमणध्वनीही मुके होते. अशा वेळी भोंगा, घंटा, ढोल आणि माणसाचा गळा एवढेच उरते. २०२३ साली केंद्र सरकारने भ्रमणध्वनीवर आपत्तीचा इशारा देणाऱ्या मोठ्या आवाजाच्या चाचण्या घेतल्या. ती सोय उपयुक्त आहे. पण मनोरे उभे असतील तोपर्यंतच.

बंदरावरचे धोक्याचे बावटे आठवा. तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय, हे कोणत्याही कोळ्याला शिकवावे लागत नाही. याचे कारण असे की तो बावटा दुसऱ्या कशासाठी कधीच लागत नाही. कोणी शीतपेयाच्या जाहिरातीसाठी तो उभारू लागला तर महिन्याभरात त्याचा अर्थ नाहीसा होईल. डोळ्यांसाठी ही शिस्त आपण पाळली. कानांसाठी का पाळू नये? कायद्याला ही कल्पना अपरिचित नाही. निरनिराळ्या सुरांचा भोंगा रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांसारख्या वाहनांखेरीज इतरांनी लावू नये, असा नियम आहे. खाजगी मालकीच्या बाबतीत तर कायदा बराच पुढे गेला आहे. २००८ साली एका परदेशी कंपनीच्या आरोळीला भारतात ध्वनीचे व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळाली, २०११ मध्ये एका भारतीय बँकेच्या धूनला मिळाली, आणि २०१७ च्या नियमांनी अशी धून तीस सेकंदांपर्यंतची असावी असे ठरवून दिले. बँकेची लकेर दुसऱ्याने उचलली तर दावा चालेल. पण गावाला सावध करणारा आवाज कोणीही आइस्क्रीम विकण्यासाठी वापरला तर त्याला अडवणारे कोणी नाही. मालमत्तेची राखण होते, सामाईकाची होत नाही, हा अर्थशास्त्रातील जुनाच अनुभव येथे नव्या रूपात येतो.

काय करता येईल?

निराश होण्याचे मात्र कारण नाही. नव्या यंत्रानेही सांगणारा नाद परत आणता येतो याचे उदाहरण आपल्या मासळीबाजारातच आहे. पैसे भ्रमणध्वनीवरून देण्याची पद्धत २०१६ पासून रुळली आणि विक्रेत्याच्या हातातून नाणे गेले. गिऱ्हाईक पडद्यावर काहीतरी दाखवी आणि ओल्या हातांच्या कोळणीला त्यावर विश्वास ठेवावा लागे. खोटे पडदे दाखवून फसवणारेही निघाले. मग टोपलीशेजारी एक छोटी डबी आली. पैसे जमा झाले की ती आधी किणकिणते आणि मग रक्कम बोलून दाखवते, मराठीतूनही दाखवते. तिचा आवाज व्यवहारातून निघतो, गिऱ्हाइकाला तो बदलता येत नाही आणि ऐकणाऱ्याला निश्चित काही कळते. अलिबागी रुपया फरशीवर टाकणाऱ्या सराफाने ही डबी चटकन ओळखली असती. जुना खणखणाटच नव्या ठिकाणी येऊन बसला आहे.

या उदाहरणावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली गोष्ट नगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या हातातली आहे. घंटागाडीला पुन्हा घंटा द्यावी. खर्च कमी होईल आणि नावही सार्थ होईल. दुसरी गोष्ट जिल्हा प्रशासनाने करावयाची आहे. समुद्राच्या धोक्यासाठी सबंध किनाऱ्याला एकच निश्चित नाद ठरवावा. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, तो सर्वांना ऐकवावा. विजेशिवाय वाजवता येईल अशी त्याची व्यवस्था गावोगावी ठेवावी आणि इतर कोणत्याही कामासाठी त्याचा वापर करण्यास मनाई करावी. त्यासोबत जी वाक्ये बोलायची ती येथील माणसाच्या तोंडच्या मराठीत असावीत, भाषांतरित परिपत्रकाच्या मराठीत नसावीत. तिसरी गोष्ट शाळांची आणि घरांची. इंग्रजी बालगीतांतून ‘टिंकल’ शिकणाऱ्या मुलाला ‘किणकिण’ आणि ‘खणखण’ यांतला फरक कळला पाहिजे. तो व्याकरणाच्या पुस्तकातील ‘अनुकरणवाचक शब्द’ या शीर्षकाखाली पाठ करून कळत नाही. तांब्या, बांगडी, नाणे आणि घंटा मुलाच्या हातात देऊन कळतो.

या सूचना किरकोळ वाटतील. नाजूक मापनाची किंमत ओळखण्याचे एक उदाहरण मात्र याच जिल्ह्यात आहे. मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे घेतली जात. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया विचलित होतील म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवण्यात आले. ट्रामगाड्या रद्द झाल्या नाहीत आणि मोजणीही सुटली नाही; दोघांना आपापली जागा मिळाली. माणसाचा कान त्या सुईपेक्षा कमी नाजूक नाही. त्याला अलिबागला हलवण्याची सोय नाही, कारण तो अलिबागलाच आहे आणि ट्रामगाड्याच आता येथे आल्या आहेत. तेव्हा जागा वाटून देण्याचे काम येथेच करावे लागेल.

जिंगल हा शब्द मराठीत राहील. ‘पगार’ राहिला तसाच राहील, आणि त्यात वावगे काही नाही. बाजाराने आपले गाणे गावे. पण ते ऐकताना आपण त्याला गाणेच समजावे, नाद समजू नये. कोणीही पुढे केलेले नाणे घेण्यापूर्वी ते वाजवून पाहण्याची सवय या किनाऱ्याला पूर्वी होती. वाजवण्याचे काम आपण विक्रेत्यावर सोपवले आहे. ते परत आपल्या हाती घेतले पाहिजे.